हाडावर हाड

“गाठ साधी आहे,” असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांच्या जिवात जीव येतो आणि पुढचं वाक्य कुणी धड ऐकत नाही. कवटीतल्या ऑस्टिओमाच्या बाबतीत मात्र ते पुढचंच वाक्य ऐकण्याजोगं असतं. या गाठीत परकं असं काहीच नसतं. ती निव्वळ हाडाची असते, आणि तिचा हस्तिदंती म्हणून ओळखला जाणारा प्रकार तर आसपासच्या हाडाहूनही टणक. वाढ इतकी संथ की बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. भलत्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये कपाळाच्या पोकळीत पांढराशुभ्र ठिपका दिसतो, तेव्हा कळतं. वाढत जाऊन शस्त्रक्रियेपर्यंत पोचणारी गाठ विरळाच.

कवटीच्या बाहेरच्या अंगाला ती आली, तर बटणाएवढं टेंगूळ. उत्खननात सापडलेल्या जुन्या कवट्यांवरही अशी टेंगळं आढळतात. ती माणसं त्यांच्यासकट जगली आणि बहुधा दुसऱ्याच कशानं तरी गेली.

तेच हाड भुवईमागच्या सायनसमध्ये वाढलं, की हिशेब बदलतो. नाकात उतरणारी चिंचोळी वाट बुजून स्राव तुंबतो. गाठ खाली सरकली तर डोळा पुढे येतो. मागची पातळ भिंत आणि मेंदूचं आवरण तिनं झिजवलं, तर एखाद्या जोरदार शिंकेसरशी हवा थेट कवटीत शिरू शकते. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तितक्याच निरुपद्रवी. वाढायला जागा नाही, एवढाच काय तो फरक. ‘साधी’ हा शेरा पेशी पाहून मारलेला असतो, मुक्काम पाहून नव्हे.

लहान गाठ नाकातून दुर्बिणीनं काढता येते. मोठीसाठी केसांच्या रेषेमागे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत छेद घेतात, म्हणजे व्रण केसांत झाकला जातो. कपाळाची कातडी खाली उलटतात आणि पोकळीची पुढची भिंत डब्याच्या झाकणासारखी उघडतात. इथे ओढाताण चालत नाही, कारण मागे मेंदू आणि खाली डोळा. म्हणून डायमंड बरनं आधी गाठीचा गाभाच पोखरायचा. घर्षणानं हाड तापू नये यासाठी वरून सलाइनची धार चालू; भुग्यानं गढूळलेलं पाणी सक्शन ओढत राहतं. उरलेलं कवच पुरेसं पातळ झालं की आतल्या आत दुमडून सोडवतात. या शस्त्रक्रियेत शौर्यापेक्षा चिकाटीच जास्त लागते, असं मला वाटतं.

काही वेळा ही गाठ भलत्याच ठिकाणची वर्दी देते. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला युटामधले आनुवंशशास्त्रज्ञ एल्डन गार्डनर यांनी एका कुटुंबाचा अभ्यास केला. हाडांच्या गाठी, त्वचेवरच्या गाठी आणि मोठ्या आतड्यातले असंख्य पॉलिप, हे सगळं त्या घरात एकत्र आढळलं. या विकारातले पॉलिप वेळीच हाताळले नाहीत तर कर्करोग जवळजवळ अटळ असतो. मुळाशी पाचव्या गुणसूत्रावरच्या एपीसी जनुकातला बिघाड. म्हणून तरुण माणसाच्या जबड्यावर किंवा कवटीवर एकाहून अधिक टेंगळं दिसली, की जाणता डॉक्टर आधी घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का, ते विचारतो आणि कोलोनोस्कोपी लिहून देतो. कपाळ दाखवायला आलेला माणूस पोटाच्या तपासणीची चिठ्ठी हातात घेऊन चक्रावतो, आणि टेंगळाची शस्त्रक्रिया तूर्त मागे पडते.