नव्वद टक्के शेंगदाणा

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. त्यामुळे तत्त्वज्ञान या विषयात नापास होण्याचीसुद्धा संधी मला मिळाली नाही. बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली 22 वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. सत्य म्हणजे काय, असं आमच्या काउंटरवर कुणी विचारत नाही. विचारतात ते ‘सर्व्हर कधी येणार?’ एवढंच. अशा माणसावर सत्यासत्याचा निवाडा करायची पाळी आली, आणि तीही शेंगदाण्याच्या बिस्किटांवरून!

झालं असं, की दिवाळीच्या तोंडावर गावाकडून आई आली. पन्हाळ्याच्या बाजूला आमचं थोडं रान आहे. येताना तिनं भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं आणलं. ते खाली ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘ह्या शेवटच्या बघ. पुढच्या साली त्या तुकड्यातबी ऊस लावायचा म्हणतोय तुझा भाऊ.’’

भावाचं तरी काय चुकलं? ऊस लावला की कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते. शेंगा उपटायला, तोडायला, वाळवायला माणसं लागतात, ती मिळत नाहीत. आणि रानडुकरं लागत नाहीत, ती न बोलावता येतात.

‘‘आज्जीच्या शेंगांची मी बिस्किटं करतो,’’ कन्येनं जाहीर केलं. (आमच्या कोल्हापुरात मुलीही ‘करतो’च म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) त्यासाठी पीनट बटर लागतं म्हणे. मिक्सर बंद करायला विसरलं की शेंगदाण्याच्या कुटाचं जे होतं, ते पीनट बटर. आधी कूट होतं, मग गोळा होतो, मग त्याला तेल सुटतं आणि तो वाहायला लागतो. आईच्या शेंगांचं तसं केलं, बरणीत भरलं. सकाळी बघतो तर वर दोन बोटं तेल आणि खाली दगड.

कन्येनं दुकानातूनही एक बरणी आधीच आणून ठेवलेली. तिच्यात मात्र सगळं कसं एकजीव, गुळगुळीत. लेबल वाचणं हा माझा व्यवसायजन्य रोग आहे. शेंगदाणे, साखर, मीठ आणि हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं वनस्पती तेल. हे शेवटचं पात्र महत्त्वाचं. घरातल्या हवेत ते घट्टच राहतं आणि त्याचे बारीक कण सुट्या तेलाला जाळ्यात धरून ठेवतात, वर येऊ देत नाहीत. ही युक्ती 1920 च्या सुमारास जोसेफ रोझफील्ड नावाच्या अमेरिकन माणसानं काढली. आपल्याकडे 1937 पासून आलेला डालडा याच कुळातला. अर्धवट घट्ट केलेल्या तेलात ट्रान्स फॅट होतं, म्हणून आपल्या सरकारनं जानेवारी 2022 पासून त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा घातली. बरणीतलं तेल सहसा पुरतं घट्ट केलेलं असतं, त्यात ते नावापुरतंच. तेव्हा प्रकृतीचा प्रश्न नव्हता. प्रश्न नीतीचा होता, पण तो अजून उगवायचा होता.

किती टक्के शेंगदाणा असला म्हणजे त्याला पीनट बटर म्हणावं, यावर अमेरिकेत 1959 साली सुरू झालेला वाद 1971 साली मिटला. सरकार म्हणे 90, कंपन्या म्हणत 87. तीन टक्क्यांसाठी बारा वर्षं! शेवटी 90 ठरले. आपण हसायचं कारण नाही. आपला कोल्हापुरी गूळ घ्या. 1895 साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाच्या पेठेसाठी. 2014 साली या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. रस चढवताना भेंडीचा चिकट पाला-खोड घालून मळी काढायची, ही जुनी रीत. पण गिऱ्हाइकाला गूळ हवा सोन्यासारखा पिवळा. मग कुणी हायड्रॉस टाकतो, आणि तांबूस, खरा गूळ ‘जरा काळाच दिसतोय’ म्हणून मागं पडतो. तो घेताना माझाही हात पिवळ्या ढेपेकडेच जातो, हे शपथेवर सांगतो.

असो. बरणीचे पैसे फुकट जाऊ नयेत, या उदात्त हेतूनं दोन्ही प्रकारची बिस्किटं करायचं ठरलं. नानकटाईच्या रांगेत आमचेही दोन पत्रे बेकरीच्या भट्टीत गेले. विकतच्या बरणीची बिस्किटं गोल, उभी, भेगांसकट चित्रातल्यासारखी. आईच्या शेंगांच्या पत्र्यावर मात्र सगळी एकमेकांत मिसळून सीमाभागासह संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा तयार झाला होता.

‘‘तेल सुटलं साहेब,’’ भट्टीवाला म्हणाला. ‘‘घरचं घालायचं तर चांगलं ढवळून, गोळा गार करून, पीठ मूठभर जास्त घालायचं. ह्याला आपलं आपण धरता येत नाही.’’

घरी सौ.नं गोल बिस्किटं ताटलीत मांडली आणि नकाशा डब्याखाली झाकला. ‘‘आज्जीला काय सांगायचं?’’ कन्येनं विचारलं.

‘‘शेंगदाण्याची आहेत म्हणायचं. खोटं कुठंय त्यात?’’

खोटं नव्हतंच. वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि फक्त फसवण्यासाठीच बनवलेलं होतं. बँकेत एक रुपया जुळला नाही तर आम्ही रात्री नऊपर्यंत बसतो. तिथं ‘90 टक्के कॅश बरोबर आहे’ म्हणालो तर साहेब मला उरलेल्या 10 टक्क्यांत घालतील. पण त्याच काउंटरवर ‘दोन मिनिटांत होईल बघा’ हे मी दिवसातून वीस वेळा म्हणतो. त्यानं रांग शांत राहते, माणसांचं तेल वर येत नाही. तेच थोडंसं घट्ट तेल आता आईसाठी काढायचं होतं. म्हातारीला बरं वाटेल; शेवटच्या शेंगांचं चीज झालं म्हणेल. मी मान हलवली. कन्येनं माझ्याकडे असं बघितलं, की मी पेपर उघडला.

आईनं एक बिस्कीट खाल्लं. दुसरं उचललं, उलटंपालटं केलं, परत ठेवलं. मग आपली बोटं बघितली.

‘‘ग्वाड हाईत. पर आपल्या श्यांगंची न्हाईत.’’

‘‘शेंगदाण्याचीच आहेत की,’’ मी पेपरामागून म्हणालो.

‘‘आसतील. बोटाला त्याल कुठं लागलंय? आपली कुठं ठेवलीसा?’’

कन्या उठली आणि डब्याखालून नकाशा घेऊन आली. आईनं बेळगावच्या बाजूनं एक तुकडा मोडला आणि चहात बुडवला. तो कपातच विरघळून पडला. तिनं चमच्यानं काढून खाल्ला, बोटं चोखली आणि दुसरा मोडला.

‘‘ऱ्हायल्याली डब्यात घाल गं पोरी,’’ ती कन्येला म्हणाली. ‘‘तुझ्या काकाला द्यायची हाईत.’’