अमानत कोणाच्या हाती?



जून महिन्यात मुलाचा पाचवी-सहावीत प्रवेश झाला, गणवेश आणि वह्या-पुस्तके घेऊन झाली की आपल्यापैकी पुष्कळ आई-वडिलांना ओझे उतरल्यासारखे वाटते. ‘आता मास्तर जाणोत आणि मूल जाणो’ हे उद्गार आपल्या सोलापुरात सर्रास ऐकू येतात. मागच्या पिढीची बोली याहून ठसठशीत होती. उस्तादासमोर मुलाला उभे करून बाप म्हणत असे, ‘चमडी तुमची, हाडे आमची.’ त्या बोलण्यात उस्तादाविषयी आदर होता, हे नाकारता येणार नाही. परंतु ती चमडी देऊन टाकण्याचा अधिकार बापाला होता काय?

इमाम गज़ाली (रह.) यांनी आपल्या ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात मुलाला आई-वडिलांजवळची अमानत म्हटले आहे. हा शब्द आपण इतका वापरतो की त्याचे वजन जाणवेनासे झाले आहे. अमानत म्हणजे ठेव, आणि ठेवीचा मालक वेगळा असतो. ठेव सांभाळणाऱ्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली तर काय होते, याचा विचार आपल्या फुकहांनी अतिशय बारकाईने केला आहे. मदरशातील विद्यार्थी ज्या ‘कुदूरी’ने हनफी फिकहचा अभ्यास सुरू करतात, त्या ग्रंथात नियम असा आहे : ठेव सांभाळणाऱ्याने ती स्वतः सांभाळावी किंवा आपल्या घरातील माणसांकडून सांभाळून घ्यावी, घराबाहेरच्या माणसाकडे दिली आणि ती नष्ट झाली, तर भरपाई ठेव सांभाळणाऱ्याकडेच लागते. ‘मी तर अमक्याकडे दिली होती’ ही सबब चालत नाही.

हा नियम वस्तूंच्या ठेवीचा आहे. मूल ही वस्तू नव्हे, म्हणून मी येथे फतवा देत नसून दृष्टांत मांडत आहे. मुलाला शाळेत घालूच नये, असा अर्थ यातून निघत नाही. इल्म मिळवणे हे दीनने कर्तव्य ठरवले आहे. तेव्हा शिकवण्यासाठी सोपवण्याची परवानगी मालकाकडूनच आहे. परवानगी नाही ती सोपवून मोकळे होण्याची. दृष्टांत पुढे नेला तर आई-वडिलांसमोर दोनच वाटा उरतात. एकतर शाळा त्यांना परकी राहील, आणि मग मुलाच्या तरबियतचे जे नुकसान होईल त्याचा जाब त्यांनाच द्यावा लागेल. नाहीतर शाळेला त्यांनी आपल्या घरातल्यांमध्ये सामील करून घ्यावे लागेल.

शाळा ‘घरातली’ कशी होते? प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक माता याचे उत्तर देते. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी आपला मुलगा अनस (रजि.) यांना प्रेषितांच्या सेवेत आणून दिले, तेव्हा त्यांचे वय सुमारे दहा वर्षांचे होते. म्हणजे आजच्या हिशेबाने पाचवीतला मुलगा. दहा वर्षे ते प्रेषितांजवळ राहिले, आणि पुढे त्यांनी साक्ष दिली की या काळात प्रेषितांनी कधी त्रासून ‘उफ्’ देखील केले नाही. चमडी-हाडांची वाटणी करणाऱ्यांनी ही साक्ष पुन्हा एकदा वाचावी.

परंतु माझे लक्ष आईकडे आहे. सहीह मुस्लिममधील रिवायतीनुसार एके दिवशी अनस (रजि.) यांना घरी परतायला उशीर झाला. आईने विचारले, कशामुळे थांबलास? त्यांनी सांगितले, प्रेषितांनी एका कामासाठी पाठवले होते. आईने विचारले, कोणते काम? मुलगा म्हणाला, ते गुपित आहे. त्यावर आईने बजावले, की प्रेषितांचे गुपित कोणालाही सांगू नकोस. घटना एवढीच. जगातील सर्वश्रेष्ठ शिक्षकाच्या हाती मुलगा सोपवूनही या आईने विचारणे सोडलेले नाही. आणि उत्तर मिळताच तिने शिक्षकावरचा मुलाचा विश्वास मोडला नाही, उलट पक्का केला. आपल्याकडे बहुधा नेमके उलटे घडते. वर्षभर आपण काहीच विचारत नाही, आणि एखाद्या दिवशी मूल रडत घरी आले की त्याच्यासमोरच शिक्षकाचा उद्धार करतो.

येथे एक खुलासा अत्यंत आवश्यक आहे. ‘घरी सांगू नकोस’ असे कोणी मोठा माणूस मुलाला धमकावत असेल, तर ते मौन म्हणजे अमानत नव्हे. उम्मे सुलैम (रजि.) ज्यांच्यावर विसंबल्या त्यांना त्या पुरत्या ओळखत होत्या. प्रेषित त्यांच्या घरी येत-जात. अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याचा पाळलेला छोटा पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी त्या बालकाशी पक्ष्याविषयी प्रेमाने विचारपूस केली होती. विद्यार्थ्याच्या लहान भावाच्या पक्ष्याची खबर ज्या शिक्षकाला आहे, तो त्या घरातला झालेला असतो.

आता वयाचा मुद्दा. सहावी ते आठवी, म्हणजे साधारण अकरा ते चौदा. शरीअतच्या दृष्टीने याच काळात मूल बुलूगच्या, म्हणजे वयात येण्याच्या उंबरठ्यावर पोहोचते आणि त्याच्या कर्मांचा हिशेब त्याच्या स्वतःच्या नावे सुरू होतो. त्यामुळे या भागीदारीत घर आणि शाळा असे दोनच पक्ष नाहीत. तिसरा पक्ष मूल स्वतः आहे. ही गोष्ट विसरली की भागीदारीचे रूपांतर पहाऱ्यात होते. गज़ाली (रह.) सांगतात की मुलाची पहिली चूक दिसली तर तिच्याकडे काणाडोळा करावा, त्याचे पितळ उघडे पाडू नये. चाचणीचे गुण किंवा वर्गातील तक्रार पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर सर्वांना दिसेल अशी टाकणाऱ्या शिक्षकांनी, आणि ती तशीच नातेवाइकांना पाठवणाऱ्या पालकांनी, याचा विचार करावा.

कायद्यानेही पालकांना दारातून आत बोलावले आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. याच कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली. 2012 च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक शाळांमध्ये या समितीची भूमिका केवळ सल्ल्यापुरती उरली. संस्था चालवण्याचे आपले स्वातंत्र्य मोलाचे आहे, यात शंका नाही. पण त्या स्वातंत्र्याचा अर्थ पालकांचा सल्ला ऐकून न घेण्याचे स्वातंत्र्य असा काही संस्थाचालक घेतात, हे मला मान्य नाही. मशवरा हा तर आपल्या दीनचा आदेश आहे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 च्या ऑगस्टपासून एक प्रयोग केला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद ठेवले जातात. कोरोनाकाळात मोबाईलच्या आहारी गेलेली मुले पुन्हा अभ्यासाला बसावीत, हा हेतू. यातील मर्म असे की बंदी मुलांपुरती नाही. आई-वडिलांनाही आपला मोबाईल खाली ठेवावा लागतो. आपल्या मोहल्ल्यात असा भोंगा वेगळा बसवण्याची गरज नाही. सोलापुरात मगरिबची अजान हिवाळ्यात सहाच्या आसपास आणि उन्हाळ्यात सातच्या सुमारास होते. मगरिबपासून इशापर्यंतचा सव्वा तास आपल्या घरात कशात जातो, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे.

‘आम्ही शिकलेले नाही, आम्हाला काय कळते?’ ही अडचण प्रामाणिक आहे. पण उम्मे सुलैम (रजि.) यांचे प्रश्न पाहा : उशीर का झाला, काय काम होते? यासाठी बीजगणित यावे लागत नाही, मराठी वाचता यावे लागत नाही. खरी अडचण वेळेची आहे, आणि तिची जबाबदारी शाळेवर आहे. घरी विड्या वळणाऱ्या आईची मजुरी हजारी विड्यांवर ठरते. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी झोपेत असतो. अशा पालकांना सकाळी अकराच्या सभेला बोलवायचे आणि नंतर ‘पालक उदासीन आहेत’ अशी नोंद करायची, हा न्याय नव्हे. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, मग शाळेने तरी तो का टाकावा? सभा इशानंतर ठेवता येते, मोहल्ल्यातच घेता येते. जेथे जमात मान्य करील तेथे मशिदीचे अंगण उपलब्ध आहे. वर्गशिक्षकांनी वर्षातून एकदा तरी प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी जावे. मात्र जाताना तक्रारवही शाळेतच ठेवावी, आणि त्या घरात मुलाचा एखादा धाकटा भाऊ असेल तर त्याच्याशीही दोन शब्द बोलावेत.