हवेचा अंदाज

आधी बसा. खुर्ची असेल तर खुर्चीवर, नसेल तर उलट्या ठेवलेल्या डब्यावर. हातातला पाना खाली ठेवा. आत्ता काही आवळायचं नाही, काही सैल करायचं नाही. पहिला अर्धा तास फक्त ऐकायचं आहे.

डोळे मिटून एक शेड मनात उभी करा. लातूरच्या बाहेर, पत्र्याची. जानेवारीतली पहाट आहे, भिंतीवरच्या तापमापकात पारा दहावर. जमिनीत सिमेंटमध्ये रोवलेल्या लोखंडी अँगलवर एक चार सिलिंडरचं इंजिन बसवलंय. मूळचं मोटारीचं, आता घरी बांधलेल्या दोन आसनी विमानासाठी बदलून घेतलेलं. पुढे लाकडी पंखा. मागे जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, तिच्यातून वायरींचा जुडगा निघालेला. ही पेटी इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते ठरवते. शेजारी लॅपटॉप, त्यावर चौकोनांचा तक्ता: सोळा आडवे, सोळा उभे. दोनशे छप्पन चौकोन आणि प्रत्येकात एक आकडा.

तक्रार साधी आहे. इंजिन सुरू होतं, गरम होतं, पण मिनिटाला चोवीसशे फेऱ्यांवर आलं की अडखळतं. धुराड्यातला सेन्सर सांगतो, मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी पडतंय. गेल्या आठवड्यात चोवीसशेच्या चौकोनात पाच टक्के वाढवले, मग तीन, मग आणखी चार. अडखळणं वाढलंच.

हात आताही लॅपटॉपकडे जाईल. जाऊ देऊ नका.

आता एका सिलिंडरचा विचार करा, एकाच. चोवीसशे फेऱ्या म्हणजे सेकंदाला चाळीस. दोन फेऱ्यांत त्या सिलिंडरचं एक चक्र पुरं होतं, म्हणजे सेकंदाला वीस वेळा. प्रत्येक चक्राला पन्नास सहस्रांश सेकंद मिळतात. एवढ्यात हवा आत यायची, दाबली जायची, ठिणगी पडायची, जळायचं, धूर बाहेर जायचा. पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरचं तोंड त्यातले थोडेच क्षण उघडं असतं. आपण एक श्वास घेऊन सोडेपर्यंत ते सिलिंडर ऐंशी वेळा हवा घेऊन सोडतं. तुमचा श्वास जरा संथ होऊ द्या. त्या ऐंशीतल्या प्रत्येक वेळी पेटीला एकच प्रश्न पडलेला असतो: आत्ता आत किती हवा आली?

पेटी पेट्रोल मोजून देते, पण हवा तिला मोजता येत नाही. तिचा ती अंदाज बांधते. हवा आत येते त्या नळीतला दाब किती, हवा किती गरम, फेऱ्या किती, एवढ्यावरून ती ठरवते की अमुक वजनाची हवा आली असणार. मग त्या हिशेबाने पेट्रोल. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग, वजनाने. जोर हवा असेल तेव्हा पेट्रोल जरा जास्त, साडेबारा-तेरा भागांना एक. त्या दोनशे छप्पन चौकोनांत पेट्रोलचे आकडे आहेत असं आपल्याला वाटतं. खरं तर तो हवेचा अंदाज आहे. हे वाक्य मनात थोडा वेळ राहू द्या, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

नांदेडहून मोटारसायकलीवर लातूरला येणाऱ्याला हे अंगाने कळतं. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 380 मीटरवर. लोहा, अहमदपूर, चाकूर करत रस्ता बालाघाटच्या पठारावर चढतो आणि लातूरला सुमारे 630 मीटर भरतात. चढ असा डोळ्यांत भरत नाही, पण हवा तीन टक्क्यांनी विरळ झालेली असते. त्यात उन्हाची भर घाला. मे महिन्यातली दुपार, 42 अंश. हिशेब मांडून पाहिला तर लातूरच्या जानेवारीतल्या पहाटेपेक्षा त्या दुपारी तेवढ्याच जागेत दहा टक्के हवा कमी असते. प्रमाण वातावरणाच्या मापाने ती दुपार साडेपाच हजार फुटांवर बसते, कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही किंचित वर. लातूरच्या सपाट धावपट्टीवर उभं असलेलं इंजिन तेव्हा महाराष्ट्राच्या सर्वांत उंच शिखरावरची हवा घेत असतं. जुन्या विमानांत यासाठी लाल मुठीचा दट्ट्या असतो. वर जाताना वैमानिक तो हळूहळू मागे ओढतो, धुराची उष्णता वाढत वाढत एका टोकाला पोचते आणि मग उतरू लागते. त्या टोकाच्या कोणत्या बाजूला थांबायचं हे तो ठरवतो. आपल्या पेटीत ती लाल मूठ नाही. ते काम दोन सेन्सर करतात, दाबाचा आणि हवेच्या उष्णतेचा. उष्णतेचा सेन्सर इंजिनाला खेटून बसवला असेल तर तो बाहेरच्या हवेऐवजी लोखंडाचं तापमान सांगत राहतो. आपल्या शेडमध्ये तो कुठे आहे? मनातल्या मनात वायर धरून त्याच्यापर्यंत जा. हात लावू नका, फक्त पाहा.

पेट्रोलआधी हवा पाहायची, हे मला पहिल्यांदा शिकवलं ते नांदेडच्या हिंगोली गेटजवळच्या एका उस्तादांनी. नांदेडात मेकॅनिकला उस्तादच म्हणतात, मग तो कुणीही असो. वडील शाळेत शिक्षक. त्यांची शंभर सीसीची गाडी सिग्नलला थांबली की आपोआप रेस घ्यायची, आणि मूठ पिळली की गुदमरायची. मी दहा-अकरा वर्षांचा, मागे बसलेलो. वडील म्हणाले, पेट्रोल वाढवून द्या. उस्तादांनी कार्बोरेटरचा स्क्रू अलगद शेवटपर्यंत आत फिरवला, मग दीड आटा बाहेर काढला, जिथे तो आधीच होता तिथेच. गाडी चालू ठेवली आणि कान टाकीला लावून उभे राहिले. बराच वेळ. मग साबणाच्या पाण्याचा एक डबा घेतला, बोटं बुडवली आणि कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या काळ्या रबरावर थेंब सोडत गेले. वरच्या बाजूला काही नाही. डाव्या बाजूला काही नाही. खालच्या बाजूला थेंब पडला आणि आवाज क्षणभर बदलला, जणू कुणी तोंडावर हात ठेवला. थेंब आत ओढला गेला होता.

“गुरुजी, पेट्रोल बरोबर हाय. वारं शिरायलंय,” ते म्हणाले.

रबराला खालून, जिथे नजर जात नाही तिथे, नखाएवढी चीर होती. ती मी बोटाने चाचपून पाहिली. कोरडं, उन्हाने कडक झालेलं रबर, आणि चिरेच्या कडा अगदी मऊ. पेट्रोल वाढवलं असतं तर गाडी चार दिवस बरी चालली असती, चीर मात्र वाढत राहिली असती. रस्त्यावर त्याचा अर्थ गाडी ढकलत घरी जाणं. हवेत त्याचा अर्थ वेगळा, म्हणून ते काम मी अजूनही जपून आठवतो.

परत शेडमध्ये या. उस्तादांचा मार्ग आधी चालून पाहू. विमानाचं इंजिन चालू असताना पंख्याच्या पुढे किंवा बाजूला, त्याच्या फिरण्याच्या पातळीत कुणीही उभं राहायचं नाही. एक माणूस स्विचवर हवाच. मागच्या बाजूने, फुसफुशा बाटलीतून, हवेच्या नळीच्या प्रत्येक सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा. एक सांधा, मग थांबा, मग दुसरा. आवाज बदलत नाही. बरं. वारं इथून शिरत नाही.

मग बॅटरी. इंजेक्टर म्हणजे विजेने उघडणारी झडप. हुकूम मिळाल्यापासून ती खरोखर उघडेपर्यंत साधारण एक सहस्रांश सेकंद जातो, आणि व्होल्ट कमी झाले की तो वेळ वाढतो. चौदाचे साडेअकरा झाले तर तक्त्यातला एकही आकडा न बदलता मिश्रण पातळ होतं. दिसतं ते पेट्रोलचं दुखणं, असतं ते गंजलेल्या अर्थिंगच्या बोल्टचं. मीटर लावा. चौदाला थोडं कमी, स्थिर. इथेही नाही.

मग खुद्द पेट्रोल. मांजरा खोऱ्यातला ऊस आता मद्यार्क होऊन आपल्या टाकीत येतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला एका भागाला हवेचे नऊच भाग लागतात. मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बसवलेला तक्ता या पेट्रोलवर आठ-नऊ टक्के पातळ पडणार. पण तो सगळीकडे सारखा पातळ पडेल, एकट्या चोवीसशेवर अडखळणार नाही. आपलं दुखणं एका जागचं आहे. इथेनॉल पाणी धरतं आणि जुनं रबर फुगवतं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या एकदा पाहून घ्या. पुढे चला.

इथे थोडा विसावा घेऊ, कारण आता मन घाईला येतं. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते मुंबईच्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, चाचण्या पुढे धुळ्याला झाल्या. गच्ची ते धावपट्टी एवढ्या अंतराला किती वर्षं लागली ते मोजलं की आपला आठवडा लहान होतो. आणि 1903 सालचं राइट बंधूंचं इंजिन, चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या कारागिराने सहा आठवड्यांत घडवलेलं. त्याला आजच्यासारखा कार्बोरेटर नव्हता. वरच्या छोट्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने उतरायचं, गरम पत्र्यावर पसरून त्याची वाफ व्हायची आणि हवेत मिसळायची. प्रवाह किती ते एका झडपेवर जमिनीवरच ठरवायचं. उडताना त्यात बदल नाही. सुमारे बारा अश्वशक्ती, आणि तेवढ्यावर माणूस उडाला. त्यांच्याकडे एकही चौकोन नव्हता, म्हणून त्यांना इंजिनाकडेच पाहावं लागलं. मला हा त्यांचा फायदा वाटतो.

तर आता धुराड्यातल्या सेन्सरकडे पाहा. तो पेट्रोल पाहत नाही. त्याला पेट्रोल दिसतच नाही. तो धुरात उरलेला प्राणवायू मोजतो, आणि प्राणवायू उरला म्हणजे पेट्रोल कमी पडलं असणार, असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष एका अटीवर खरा आहे: आत सगळं जळलं पाहिजे. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही तर? मग तिथली हवा जशीच्या तशी बाहेर येते, सगळा प्राणवायू घेऊन. सोबत न जळलेलं पेट्रोलही येतं, पण ते सेन्सरच्या हिशेबात धड उतरत नाही. चारही नळ्या एका धुराड्यात मिळतात, तिथे एकच सेन्सर, आणि तो म्हणतो, पातळ. आपण पेट्रोल वाढवतो. आधीच ओला झालेला प्लग आणखी भिजतो. ठिणगी आणखी चुकते. सेन्सर आणखी जोरात म्हणतो, पातळ.

हे चक्र दोन-तीन वेळा मनात फिरवा. प्रत्येक जण आपापल्या जागी खरं बोलतोय. सेन्सर खरं सांगतो, पेटी सांगितलेलं करते, आपण मनापासून मदत करतो. आणि या सगळ्यात ते एक सिलिंडर बुडत जातं.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. घाई नाही, बाहेर उजाडतंय. मग सुरू करा, आणि चोवीसशेवर मिनिटभरच चालवा. बंद करा. स्विच बंद, बॅटरी सोडवलेली, पंखा थांबलेला, हे तिन्ही डोळ्यांनी पाहा. आता पाण्याच्या भांड्यात बोट बुडवा आणि धुराच्या पहिल्या नळीवर एक थेंब सोडा. चर्र. दुसऱ्या नळीवर, चर्र. तिसऱ्या नळीवर थेंब तसाच बसून राहतो, गोल, थरथरतो, मग ओघळून खाली येतो. चौथ्या नळीवर, चर्र.

तिसऱ्याचा प्लग काढा. टोक काळं, काजळी ओली, नाकाशी नेलं तर कच्च्या पेट्रोलचा वास. बाकी तिघांची टोकंही काढून पाहा, बिस्किटी रंगापेक्षा जरा गडद, कारण गेल्या आठवड्यातले बारा टक्के त्यांनीही निमूट जाळलेत. तिसऱ्याची वायर बोटांत धरून हळूहळू वाकवत जा. टोपीपासून चार बोटांवर आवरणाला पांढरट रेघ आहे, जिथे ती लोखंडी पट्टीला घासत होती. चोवीसशे फेऱ्यांवर पट्टी थरथरते, रेघ उघडते, आणि ठिणगी सिलिंडरपर्यंत न जाता पट्टीत उतरते. कमी फेऱ्यांवर पट्टी शांत असते, म्हणून तिथे सगळं ठीक होतं.

वायर बदला, पट्टीपासून दूर बांधा. तिसरा प्लग नवा घाला. आज दुसरं काही बदलू नका. वहीत तारीख घाला, तापमान लिहा. पाऱ्याकडे पाहा, दहाचे चौदा झालेत. मग लॅपटॉप उघडा आणि त्या चौकोनातले चार टक्के मागे घ्या. इंजिन सुरू करा, ऐका. बंद करा, लिहा. तीन मागे घ्या. ऐका. मग पाच.