तारेतून येणारे ऋण

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आम्हां मराठी घरांना नर्मदामाई दोन रूपांनी भेटते : एक देवघरातल्या गडूत आणि दुसरी नळाच्या धारेत. १९७८ पासून जलूदचे पाणी सुमारे ७० किलोमीटरची वाट तुडवून, विंध्याची चढण चढून इंदूरला येते. पाणी आपण होऊन चढत नाही; ते वीज चढवते. म्हणजे आमच्या भरलेल्या तांब्यामागे कोठेतरी कोळसा जळत आला आहे. आम्ही पाण्याचे ऋण मानले, कोळशाचे मात्र कधी आठवले नाही.

आता कोळसा सोडून सूर्य, वारा आणि पाणी यांची एकत्र कास धरावी, असे जाणते लोक सांगतात. ते योग्यच आहे. यांपैकी एकटा कोणीच पुरा पडणारा नाही. सूर्य नेमका दिवेलागणीला निरोप घेतो आणि आषाढ-श्रावणात ढगांआड दडतो. त्याच दिवसांत देवासजवळच्या टेकड्यांवरील पवनचक्क्यांना वारा भरपूर लाभतो. पण वारा लहरी. तो पडला की धरणाचे पाणी जनित्रांवर सोडावे, काही मिनिटांत वीज मिळते. दुपारच्या उरलेल्या विजेने खालचे पाणी वरच्या तलावात चढवून रात्री पुन्हा उतरवण्याची युक्तीही आहे. महाराष्ट्रात घाटघरला असा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, ही तर एकत्र कुटुंबाचीच रीत.

परंतु प्रश्न येथेच उभा राहतो. एकत्र कुटुंबात कोणाच्या वाट्याला काय आले, हे बाहेरून दिसत नाही. इंदिरासागरची १००० मेगावॅट वीज आम्ही म्हणतो तेव्हा २००४ च्या पावसाळ्यात रिकामे झालेले हरसूद आम्हांला आठवते काय? लोकांनी आपल्याच हातांनी आपली घरे मोडली आणि वासे गाड्यांत भरले. ती वीज धुराविना आली हे खरे; ती कोणाला न दुखवता आली, हे खरे नव्हे.

यावर कोणी म्हणेल, कोळशाने काय कमी उजाड केले? सिंगरौली भागातली कित्येक घरे रिहंदच्या जलाशयाने एकदा उठली आणि पुढे खाणींनी व औष्णिक केंद्रांनी पुन्हा उठली. आक्षेप रास्त आहे. दोन मार्गांत कमी हानीचा मार्ग निवडावा, हे विवेकाला धरूनच आहे. पण कमी हानी हे निवडीचे कारण झाले. ती ऋणाची फेड नव्हे. स्वस्त दराने कर्ज मिळाले म्हणून मुद्दल माफ होत नाही.

आणि मिश्रणात एक सूक्ष्म धोका आहे. तारेत शिरल्यावर रीव्याच्या उन्हाची, देवासच्या वाऱ्याची आणि नर्मदेच्या पाण्याची वीज एकच होते. तिला नाव-गाव उरत नाही. सावकार अनेक झाले की ऋणकऱ्याला आपण कोणाचेच देणे लागत नाही, असे वाटू लागते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणे सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांनी, तीन आहेत म्हणून प्रत्येकाचा भार तिसऱ्या हिश्शाने घटतो, असे कोठेही म्हटले नाही.

मग फेड कशी करावी? २०२३ मध्ये इंदूर महानगरपालिकेने जलूदच्या सौर प्रकल्पासाठी हरित रोखे काढले आणि सामान्य नागरिकांनाही ते घेता आले. आपल्या पाण्याच्या विजेचा भार आपणच उचलावा, ही त्यातली चांगली बाजू. परंतु रोख्याचे व्याज आपल्याकडे येते, ऋणाचे व्याज आपल्याकडून जायचे असते. ज्यांच्या शेतावर, माळावर वा मासेमारीच्या पाण्यावर आरसे पसरतात, त्यांना एकदाच मोबदला देऊन मोकळे न होता उत्पन्नात कायमचा वाटा द्यावा, असा आग्रह आम्ही ग्राहकांनीच धरला पाहिजे. त्यासाठी वीजबिल थोडे वाढले तर ती वाढ कुरकुर न करता सोसली पाहिजे.

सूर्य, वारा आणि पाणी यांचे बिल कोणी पाठवीत नाही. माणसांचे देणे मात्र उरतेच. बटण दाबताना एवढे स्मरण राहिले, तरी आरंभ झाला असे आम्ही म्हणू.