खरखरीत कंठातील अनुग्रह

अमेरिकेतील अर्कान्सा राज्यात वाढलेल्या ख्रिस्ती गायक झॅक विल्यम्सचा, कंट्री आणि दक्षिणी रॉक यांच्या संस्कारांनी घडलेला खरखरीत आवाज ऐकताना, ज्याने तारुण्य व्यसनात दवडले त्याच्या मुखी ईश्वरस्तुती शोभते काय, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. २०१६ च्या 'चेन ब्रेकर' या गीताने त्याला कीर्ती दिली, पुढे ग्रॅमीही लाभले, ते गौण. तो तुरुंगातल्या बंदिवानांपुढे गायला, तेथे या प्रश्नाचा खरा कस लागतो. न्यायाच्या दफ्तरी गुन्ह्याची नोंद कायम राहते, आणि राहावीही. परंतु ख्रिस्ती श्रद्धेनुसार अनुग्रह हा पुण्याईचा मोबदला नसून अपात्राला मिळालेले दान असल्यामुळे, गतायुष्य न लपविणारा हा ओरखडलेला स्वरच, माझ्या मते, त्या दानाची साक्ष देण्यास अधिक अधिकारी ठरतो.