उपऱ्याचे खरेदीखत

शास्त्रपाठ : उत्पत्ती २३:१-२०, लेवीय २५:२३



पवित्र शास्त्रातील जमीनखरेदीचा पहिला सविस्तर वृत्तान्त एका परदेशी मनुष्याचा आहे. सारा १२७ वर्षांची होऊन हेब्रोन येथे मरण पावली. अब्राहामाने हारान सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता व सारा त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होती; म्हणजे कनान देशात येऊन त्याला ६२ वर्षे झाली होती. हा देश तुझ्या संततीला देईन, असे वचन देवाने त्याला दिले होते. आणि पत्नीला मूठमाती देण्यापुरतीही भूमी त्याच्या मालकीची नव्हती.

अशा शोकाच्या वेळी तो हेथाच्या वंशजांपुढे उभा राहतो व आपली ओळख दोन शब्दांत करून देतो. मूळ इब्री भाषेत ते शब्द 'गेर' व 'तोशाव' असे आहेत. 'गेर' म्हणजे परक्या भूमीत आश्रयाने राहणारा; 'तोशाव' म्हणजे तेथे वस्ती करून राहिलेला, परंतु जमिनीचा वारसाहक्क नसलेला. ही जोडी अनेक भाषांत भाषांतरकाराला अडवून धरते. मराठीला मात्र 'उपरी' हा शब्द आयता मिळाला. आज आपण तो 'परका' एवढ्याच अर्थाने वाचतो; पण मराठेशाहीच्या महसुली व्यवहारात त्याला नेमका अर्थ होता. गावच्या जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असलेला तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन, तसा हक्क नसताना, ती कसणारा तो उपरी.

बंगळूरला स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांना या शब्दाची धार चांगली कळते. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे शहर जिंकले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६८७ मध्ये मोगलांच्या हातून ते ३ लाख रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. ही जुनी जहागीर आपण अभिमानाने सांगतो खरी, पण तिच्या आधारे आज येथे कोणाला एक चौरस फूटही मिळत नाही! नोकरीसाठी आलेले कुटुंब पंधरा-वीस वर्षे भाड्याने राहते आणि मग घर घेण्याचा विचार करते. तेव्हा मूळ दस्त, बोजा नसल्याचा दाखला, ए-खाता की बी-खाता, हे शब्द प्रार्थनेपेक्षाही अधिक वेळा उच्चारले जातात. यात गैर काही नाही. खाता ही करवसुलीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे वेळेवर न कळल्याने आयुष्याची पुंजी गमावू नये. अब्राहामाच्या व्यवहाराची नोंद पाहा : शेत, त्यातील गुहा, चतुःसीमेतील झाडे, तोललेले रुपे, आणि नगराच्या वेशीत येणारे सर्व साक्षीदार. दुय्यम निबंधकालाही यात काही उणे सापडणार नाही.

परक्याला भूमी देणे ही तेव्हाही साधी गोष्ट नव्हती. त्याला समाजाची संमती लागे. आजही तेच आहे. आपली कित्येक मुले सातासमुद्रापार राहतात. त्यांपैकी कॅनडात गेलेल्यांनी पाहिले की, १ जानेवारी २०२३ पासून त्या देशाने परकीयांना, काही अपवाद वगळता, निवासी घरे विकत घेण्यास मनाई केली. उपऱ्याने संमती मागावी व स्थानिकाने विचार करून ती द्यावी किंवा नाकारावी, हा प्रकार हेब्रोनच्या वेशीइतका जुना आहे.

एफ्रोनाचे बोलणे मोठे गोड आहे. प्रथम तो शेत फुकटच देऊ करतो. मग हळूच म्हणतो की, ४०० शेकेल म्हणजे तुमच्या-आमच्यात काय मोठेसे! बंगळूरमध्ये जागा पाहत फिरलेल्या कोणालाही हा स्वर ओळखीचा वाटेल. दावीदाने अरवनाचे खळे व बैल ५० शेकेलांना घेतले आणि यिर्मयाने अनाथोथचे शेत १७ शेकेलांना. जमिनींची मापे आपल्याला ठाऊक नाहीत, तरी ४०० ही रक्कम भारीच दिसते. अब्राहाम घासाघीस करीत नाही. आरंभीच त्याने 'पूर्ण रुपे' देण्याची भाषा केली होती, आणि ते तो सर्वांसमक्ष, व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने तोलून देतो.

येथे मला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. किमतीचा काही भाग कागदावर व उरलेला पिशवीतून देण्याची रीत आपल्यात इतकी रुळली आहे की, तिच्याबद्दल मंडळीत कोणी चकार शब्द काढीत नाही. त्याच रविवारी गृहप्रवेशाची उपकारस्तुती होते. पाळकाने त्या घराच्या चौकटीवर आशीर्वाद मागावा, परंतु त्याच घराची किंमत शासनापासून लपविलेली असावी, हे मला समजत नाही. सगळेच असे करतात, हे उत्तर उपऱ्याला शोभत नाही. त्याच्याजवळ त्याच्या शब्दाखेरीज दुसरी पत असतेच कोठे?

खरेदी झाली. मग अब्राहाम मिरासदार झाला काय? शास्त्रात तसे दिसत नाही. इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय त्याला डेऱ्यांत राहणारा म्हणूनच ओळखतो. त्याने घेतलेली जागा मृतांसाठी होती. पुढे त्याच्या संततीला देश मिळणार होता, तेव्हाही लेवीयात देव त्यांना बजावतो की, भूमी माझी आहे. आणि त्यांच्यासाठी 'गेर' व 'तोशाव' हेच दोन शब्द वापरतो. ज्यांना सातबारा मिळायचा होता, त्यांनाच उपरी म्हटले आहे. ग्रीक जुन्या करारात अब्राहामाच्या तोंडी 'पारोइकोस' हा शब्द आहे, पेत्र आपल्या पहिल्या पत्रात तोच विश्वासणाऱ्यांना लावतो, आणि त्याच मुळापासून 'पॅरिश' हा शब्द आला. पॅरिश म्हणजे उपऱ्यांची वस्ती.

ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांनी भेदरलेले ईशान्य भारतातील हजारो लोक याच शहरातून मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले. त्यांत आपले कितीतरी ख्रिस्ती बंधुभगिनी होते. आणि ज्या आपल्या लोकांनी एके काळी घरासाठी दारोदार नकार ऐकले, ते आज घरमालक झाल्यावर भाडेकरूची जात, त्याचे जेवण व त्याचा चेहरा यांची चौकशी करतात. सोसायटीच्या सभेत असा ठराव येतो तेव्हा आपला हात वर जातो की खाली राहतो? आणि वीस वर्षे ज्या शहराचे पाणी प्यालो, त्या शहराच्या कन्नड भाषेत शेजाऱ्याचे दुःख विचारता येईल, एवढे तरी शब्द आपण शिकलो आहोत काय?

मकपेलाच्या गुहेचा उल्लेख पुढे पुन्हा येतो. अब्राहाम १७५ वर्षांचा होऊन वारला तेव्हा इसहाक आणि इश्माएल या दोघा पुत्रांनी मिळून त्याला तेथे पुरले. घरातून बाहेर काढलेला इश्माएल. सर्वस्व इसहाकाला दिलेले होते, आणि त्या शेतावर इश्माएलाचा काही हक्क नव्हता. तरी बापाच्या मूठमातीला तो आला, आणि दोघे भाऊ त्या विकत घेतलेल्या जागेत एकत्र उभे राहिले.