हाकोल

१९८४च्या मे महिन्यातली हिंदू-मुसलमान दंगल शमल्यावर पहिल्याच शब्बाथला, म्हणजे शनिवारी, मी भिवंडीहून ठाण्याच्या मशिदीत गेलो. शब्बाथला वाहनात बसू नये; मी एसटीनं गेलो, हे पापच. (आम्ही बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणतो, भिवंडीत मी एका यंत्रमागवाल्या शेठकडे मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, होतो तेव्हा यावरून पुष्कळ गमती झाल्या.) सकाळच्या तेफिल्यात, म्हणजे प्रार्थनेत, एका शब्दाशी अडलो. देव उजेड, अंधार, शांती आणि ‘हाकोल’, म्हणजे सर्व काही, निर्माण करतो अशा अर्थाचं ते वाक्य. ते मूळचं यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातलं. तिथं ‘हाकोल’ नाही, ‘रा’ आहे: वाईट. प्रार्थना रचणाऱ्यांनी तेवढा शब्द बदलला. सकाळी सकाळी देवाच्या तोंडावर कसं म्हणायचं! पण ‘सर्व’मध्ये वाईट आलंच की. आमच्याकडे देवाला टक्कर देणारा दुसरा मालक नाही. ईयोबाच्या ग्रंथातला सैतानसुद्धा त्याच्याच दरबारातला. तक्रार न्यायची ती त्याच्याकडेच.

रब्बी म्हणतात, माणसात दोन ओढी असतात, येत्सेर तोव, म्हणजे चांगली, आणि येत्सेर हारा, म्हणजे दुष्ट. बेरेशीथ रब्बा या मिद्राशात तर दुष्ट ओढीलाही चांगलं ठरवलंय: ती नसती तर कोणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, धंदा केला नसता. तरुणपणी मला ही पळवाट वाटायची.

मग ती दंगल झाली. संचारबंदीत भिवंडीतले माग बंद होते. झोपेतही खटखट ऐकणारं गाव, त्या शांततेत कुणाला झोप लागेना. संचारबंदी उठली तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांआधी आमचा शेठ आला. ऑर्डर तुंबलेली, सूत उधारीचं, बीम मागावर तसंच. आठवड्याभरात त्यानं जॉबर, कांडीवाला, कारागीर, हिंदू-मुसलमान दोन्हीकडचे, एका शेडमध्ये उभे केले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माग मात्र चालू झाले. त्यात प्रेमबिम काही नव्हतं, शेठला नफा हवा होता.

तल्मुदातल्या योमा भागात एक गोष्ट आहे. लोकांनी ही दुष्ट ओढच पकडून तीन दिवस कोंडली. मग ताजं अंडं शोधायला गेले, तर सबंध देशात एक मिळेना; ओढच नाही तर अंडं कुठलं! शेवटी तिचे डोळे फोडून तिला सोडून दिलं.

ही ओढ लागतेच, हे शेठपुरतं मला पटतं. पण दंगलीत रॉकेलचा डबा उचललेल्या हातातही तीच ओढ होती, हे चाळीस वर्षांत पचलेलं नाही. ‘हाकोल’ या शब्दाशी मी अजून थांबतो. तोवर प्रार्थना म्हणणारा हजान पुढच्या पानावर गेलेला असतो.